बाप्तिस्मा आणि नवा जन्म : दोन शब्दांचा अर्थविचार

ख्रिस्ती धर्मातील दोन परस्परसंलग्न कल्पना मराठीत दोन भिन्न मार्गांनी आल्या. पहिली ‘बाप्तिस्मा’. हा मूळ ग्रीक शब्द जवळजवळ जसाच्या तसा देवनागरीत उतरला आणि भाषांतरकारांनी त्याचा अर्थ सांगण्याची जबाबदारी उपदेशकावर सोपविली. दुसरी ‘नवा जन्म’. हिचे भाषांतर झाले, आणि तेही इतक्या साध्या शब्दांत की वाचकाला ती आपल्याच घरची वाटावी. पहिला शब्द परका राहिला, दुसरा फार परिचित झाला. मूळ ग्रंथांत मात्र ह्या दोन कल्पना एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. मराठीत त्या एकमेकींपासून दूर का गेल्या आणि दूर गेल्यामुळे काय झाले, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे तितकाच धर्माच्या इतिहासाचाही आहे.

प्रथम ग्रीक शब्द पाहू. ‘बाप्तेइन’ म्हणजे बुडविणे. रंगाऱ्याने कापड रंगात बुडवावे तसे. त्यावरून साधलेले ‘बाप्तिझेइन’ हे क्रियापद अधिक जोराचे आहे. पॉलिबिअससारखा इतिहासकार ते जहाज बुडण्याच्या संदर्भात वापरतो. प्लुटार्क कर्जात आकंठ बुडालेल्या माणसाबद्दल वापरतो. हिब्रू ग्रंथांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात नामान हा सेनापती कोडापासून मुक्त होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तेथेही हेच क्रियापद आहे. नव्या करारात ते भांडी धुण्यालाही लागते. म्हणजे धुणे आणि बुडून जाणे अशा दोन्ही छटा त्यात आहेत, आणि दुसऱ्या छटेत विनाशाचा ध्वनी स्पष्ट आहे. मार्क आणि लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत येशू स्वतःच्या येऊ घातलेल्या मरणाला ‘बाप्तिस्मा’ म्हणतो. ‘शुद्धिस्नान’ एवढाच अर्थ मनात धरणाऱ्या वाचकाला ते स्थळ कोड्यासारखे वाटते. ‘बुडणे’ हा अर्थ धरला की कोडे राहत नाही.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच अर्थ सिद्धान्ताच्या पदवीला पोहोचला आहे. पाण्याखाली जाणारा माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो. पाण्याबाहेर येणारा त्याच्या पुनरुत्थानात सहभागी होतो. येथे मळ धुतला जाण्याची कल्पना दुय्यम आहे. जुना माणूस सुधारत नाही, तो मरतो. मरणाचा हा उल्लेख वगळून बाप्तिस्म्याचे स्पष्टीकरण देणारी पुस्तके पुष्कळ आहेत, आणि ती वाचून हा विधी म्हणजे नामकरणाचा एखादा सुखद समारंभ असावा असा वाचकाचा समज झाल्यास नवल नाही.

आरंभीच्या शतकांतील आचार ह्या अर्थाशी कसा निगडित होता, हे सांगणारी साधने सुदैवाने उपलब्ध आहेत. ‘दिदाखे’ ही प्राचीन ख्रिस्ती आचारसंहिता १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका हस्तलिखितात सापडली आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मते बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा. ते नसल्यास अन्य पाण्यात. थंड पाणी सोसत नसल्यास कोमट पाण्यात. आणि दोन्ही पुरेसे नसल्यास मस्तकावर तीन वेळा पाणी ओतावे. पुढील काळात ज्या बुडविणे-शिंपडणे वादावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, त्याचे उत्तर ह्या लहानशा पुस्तिकेने व्यवहारी शहाणपणाने आधीच देऊन ठेवले होते. सीरियातील दूरा-युरोपस ह्या सरहद्दीवरील नगरात उत्खननात एक घर मिळाले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्या घराचे उपासनागृहात रूपांतर झालेले होते, आणि त्यातील एक खोली बाप्तिस्म्यासाठी राखलेली होती. कुंडावर छत्री, भिंतींवर उत्तम मेंढपाळाचे, पाण्यावरून चालणाऱ्या येशूचे आणि मिरवणुकीने येणाऱ्या स्त्रियांचे चित्र. ह्या स्त्रिया येशूच्या कबरीकडे चालल्या आहेत असे अनेक विद्वान मानतात. काहींना त्या दृष्टान्तातील कुमारी वाटतात. पहिले मत ग्राह्य धरले तर कुंडाकडे जाणारा उमेदवार त्या स्त्रियांबरोबरच कबरीकडे चालत होता, असे म्हणता येते.

चौथ्या शतकातील यरुशलेमची प्रवचने ह्याहून बोलकी आहेत. ती कुरिल ह्या धर्माध्यक्षाच्या नावावर आहेत. त्याच्या गादीवर नंतर आलेल्या योहानाची असावीत असेही एक मत आहे. विधी झाल्यानंतर त्याचा अर्थ नवदीक्षितांना उलगडून सांगण्यासाठी ती दिली जात. उमेदवार प्रथम पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेकडे, तोंड करून सैतानाचा त्याग उच्चारतो. मग पूर्वेकडे वळतो. वस्त्रे उतरविली जातात, अंगाला तेल लावले जाते, आणि तीन वेळा पाण्यात बुडविले जाते. ह्या तीन बुड्या म्हणजे ख्रिस्ताने कबरीत काढलेले तीन दिवस. तेच पाणी कबरही होते आणि आईही, असा प्रवचनकाराचा आशय आहे. पाश्चात्त्य चर्चमधील बाप्तिस्मागृहे पुढे अष्टकोनी बांधली जाऊ लागली. सात दिवसांच्या आठवड्यानंतरचा आठवा दिवस हा पुनरुत्थानाचा दिवस, अशी त्यामागील गणना आहे.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित शास्त्रज्ञ रात्री येशूला भेटतो. देवाचे राज्य पाहण्यासाठी माणसाने ‘आनोथेन’ जन्मले पाहिजे, असे येशू त्याला सांगतो. ग्रीकमध्ये ‘आनोथेन’चा अर्थ ‘वरून’ असा होतो, आणि ‘पुन्हा, मुळापासून’ असाही होतो. निकदेम दुसरा अर्थ घेतो आणि विचारतो की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या उदरात कसे शिरावे? येशूच्या उत्तरात पाणी आणि आत्मा ह्यांपासून होणाऱ्या जन्माचा उल्लेख येतो. संभाषणाचा सर्व डोलारा ह्या श्लेषावर उभा आहे. हा श्लेष अरामी भाषेत साधत नाही. म्हणून ह्या संभाषणाची आजची घडण ग्रीक भाषेत झालेली आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच अध्यायात पुढे, तसेच पिलाताशी झालेल्या संवादात, ‘आनोथेन’चा अर्थ निःसंशय ‘वरून’ असा आहे. येशूच्या बिनशिवणीच्या झग्याचे वर्णन करतानाही हाच शब्द ‘वरपासून’ ह्या अर्थाने आला आहे.

भाषांतरकाराला मात्र दोहोंपैकी एक अर्थ निवडावाच लागतो. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘पुन्हा’ आले. सीरियाक भाषांतरात ‘आरंभापासून’ अशा अर्थाचा प्रयोग आला. लूथरने ‘नव्याने’ लिहिले. मराठीनेही ‘नव्याने’ हाच पर्याय स्वीकारला. निवड वाजवी आहे, कारण ती स्वीकारली नाही तर निकदेमाचा प्रश्नच निरर्थक ठरतो. पण तिची किंमत अशी की हा जन्म कोठून येतो हे सांगणारी अर्धी बाजू गळून पडते. ‘नव्याने’ म्हटले की कर्ता माणूसच आहे असे वाटू लागते. त्याने निश्चय केला, जुने टाकले, नवे धरले. ‘वरून’ म्हटले असते तर माणसाचा वाटा केवळ स्वीकाराचा राहिला असता. मूल आपला जन्म आपण घडवीत नाही, हे त्या रूपकाचे मर्म आहे.

येथे कोणीही विचारील की भाषांतरकारांना ‘पुनर्जन्म’ हा तयार शब्द का नको होता? उत्तर उघड आहे. भारतीय दर्शनांत पुनर्जन्म ही कर्माची फलश्रुती आहे; त्यातून सुटणे हे ध्येय आहे. ज्या गोष्टीतून सुटका हवी तीच मुक्तीची अट म्हणून सांगितली तर ऐकणारा गोंधळून जाईल. ग्रीकमध्येही अडचण अगदीच नव्हती असे नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याला ‘पालिंगेनेसिआ’चे, म्हणजे पुनर्जन्माचे, स्नान म्हटले आहे. हा शब्द स्टोइक तत्त्वज्ञ विश्वाच्या पुनर्निर्मितीसाठी वापरीत, आणि प्लुटार्क तो आत्म्याच्या देहान्तरासाठीही वापरतो. नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा आला आहे, हे लक्षणीय आहे.

तथापि शास्त्रातील ‘पुनर्जन्म’ आणि बोलीतील ‘पुनर्जन्म’ हे एक नव्हेत, ह्याकडे भाषांतरकारांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पुरातून वाचलेल्या किंवा विषमातून उठलेल्या माणसाविषयी मराठी माणूस सहज म्हणतो, ‘त्याचा पुनर्जन्मच झाला म्हणायचा.’ बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे जुन्या बायका म्हणत आल्या आहेत. येथे कर्मविपाक नाही, चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा नाही. याच देहात, मरणाच्या दारातून परत येणे एवढाच अर्थ आहे. पंडितांना नकोसा वाटलेला हा शब्द घरगुती बोलीत पौलाच्या अर्थाच्या कितीतरी जवळ उभा होता. ‘नवा जन्म’ ह्या शब्दांत मरणाची ती सावली नाही.

दुसऱ्या जन्माची कल्पना विधीतून व्यक्त करण्याची परंपरा ह्या देशातही प्राचीन आहे, आणि तिच्याशी तुलना केल्यावाचून हा विचार अपुरा राहील. ऐतरेय ब्राह्मणात सोमयागाच्या दीक्षेचे वर्णन आहे. ऋत्विज यजमानाला पुन्हा गर्भ बनवितात. त्याच्यावर जलसिंचन होते, आणि ते जल म्हणजे रेत. दीक्षितांची कुटी ही योनी. त्याच्या अंगावरचे वस्त्र हे गर्भवेष्टन. गर्भाप्रमाणेच त्याने मुठी मिटून बसावयाचे. अथर्ववेदात आचार्य ब्रह्मचाऱ्याला तीन रात्री आपल्या उदरात धारण करतो. तीन रात्रींचे हे साम्य मोहक आहे. पण त्यावरून कोणत्याही देवघेवीचा तर्क करणे धाडसाचे होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मौंजीबंधनाने होणाऱ्या जन्मात सावित्री ही आई आणि आचार्य हा बाप असे सांगितले आहे. ‘द्विज’ हा शब्दच त्या कल्पनेतून आला आहे.

साम्य खोल आहे, पण भेद त्याहून निर्णायक आहे. उपनयनाचा अधिकार पहिल्या जन्मावरून ठरतो. दुसरा जन्म पहिल्याला पुष्टी देतो आणि त्याच्या स्थानावर शिक्कामोर्तब करतो. पौलाच्या मांडणीत दुसरा जन्म पहिल्याने दिलेली ओळख रद्द करतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो बाप्तिस्म्याच्या संदर्भातच यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हे भेद उरले नाहीत असे म्हणतो. चर्चने हे तत्त्व किती पाळले हा निराळा प्रश्न आहे. भारतातील चर्चमध्ये जातवार बसण्याच्या जागा आणि जातवार दफनभूमी कित्येक ठिकाणी टिकून राहिल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु तत्त्वतः बाप्तिस्मा ‘द्विज’ करतो तो जन्म पुसून, जन्म पाहून नव्हे. म्हणूनच ‘द्विज’ हा तयार शब्द मराठी ख्रिस्ती परिभाषेत रुजला नसावा.

विधी आणि नवा जन्म ह्या दोहोंची सांगड कशी घालावयाची, ह्यावर ख्रिस्ती जगातही एकमत नाही. इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुलिअनने बाप्तिस्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती माणूस पाण्यात जन्मणारा लहान मासा आहे ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे. लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे त्याचे मत होते. ह्याउलट ऑगस्टीनने आदिपापाच्या सिद्धान्ताच्या आधारे बालबाप्तिस्म्याचे समर्थन केले. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा मात्र प्रौढपणी, ३८७ च्या ईस्टरला, मिलान येथे झाला होता. १५२५ मध्ये झुरिक येथे काहींनी बालपणीचा बाप्तिस्मा निरर्थक मानून प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातील फेलिक्स मान्झ ह्याला जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून ठार करण्यात आले. शिक्षा देणाऱ्यांनी शब्दाचा मूळ अर्थ क्रूरपणे अचूक ओळखला होता. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी हे पंथ पाण्याचा बाप्तिस्माच देत नाहीत. इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यानेच बालकाचा नवा जन्म होतो काय, हा प्रश्न गॉरहॅम नावाच्या पाद्र्याच्या प्रकरणातून १८५० मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तेथे निकाल गॉरहॅमच्या बाजूने लागला, म्हणजे तसे न मानणाऱ्यालाही चर्चमध्ये जागा आहे असे ठरले.

भारतात हा वाद शब्दाच्या निवडीवरच उभा राहिला. सेरामपूरचे मिशनरी बॅप्टिस्ट पंथाचे. बुडविणे हाच एक खरा विधी असे त्यांचे मत. त्यांच्या परंपरेतील बंगाली भाषांतरात ‘बाप्तिझेइन’ हे क्रियापद ‘बुडविणे’ ह्या अर्थाच्या शब्दाने भाषांतरित झाले. १८३० नंतरच्या दशकात ब्रिटिश आणि अमेरिकन बायबल सोसायट्यांनी असे भाषांतर छापण्यास मदत नाकारली, कारण पाणी शिंपडणाऱ्या पंथांना ते मान्य नव्हते. त्यातून अमेरिकेत १८३६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८४० मध्ये बॅप्टिस्टांच्या वेगळ्या संस्था निघाल्या. शब्द परका ठेवणे ही ह्या परिस्थितीत भाषिक असमर्थता नव्हती. ती एक तडजोड होती. अर्थ सांगितला तर पंथ फुटतात, न सांगितला तर सर्वांना एकच ग्रंथ वापरता येतो. अन्य भाषांनी अन्य मार्ग चोखाळले. जर्मन भाषेतील क्रियापद ‘खोल’ ह्या अर्थाच्या शब्दाशी सगोत्र आहे. स्लाव्ह भाषांतील शब्द ख्रिस्ताच्या नावाशी निगडित आहे. तमिळमध्ये ‘ज्ञानस्नानम्’ रूढ झाले. मलयाळममधील ‘मामोदीसा’ सीरियाकमधून आला. मराठी कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही चालतो. तो सुबोध आणि प्रासादिक आहे. पण स्नान म्हटले की नित्याची शुचिता आठवते, बुडणे आठवत नाही.

बाप्तिस्मा आणि नवा जन्म ह्यांच्यातील हे अंतर मराठीत शब्दापुरते राहिले नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथील भगिनीसंघ उच्च-चर्च परंपरेतला. विधीनेच नवा जन्म मिळतो ही त्याची श्रद्धा. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. ह्या टप्प्यावर त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम ह्या इंग्रज पाद्र्याचे ‘मरणातून जीवनात’ अशा अर्थाच्या नावाचे आत्मकथन आले. हा पाद्री मूळचा उच्च-चर्च मताचाच. १८५१ मध्ये स्वतःचे प्रवचन देत असतानाच त्याचे मनःपरिवर्तन झाले होते. संस्कृतात वाढलेल्या ह्या विदुषीने मग मूळ हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. संस्कृत धार्मिक शब्दांना चिकटलेले जुने अर्थ टाळून साध्या मराठीत लिहावे, हा त्यांचा आग्रह शब्दांच्या ओझ्याचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीचा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त क्रम उलटा आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईस झाला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. पण त्यांच्या जीवनातला खरा कलाटणीचा क्षण त्यापूर्वीचा आहे: जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, असे मनाशी ठरून कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय झाला तो. विधी आला तो घडून गेलेल्या गोष्टीची नोंद करण्यासाठी.

भोवतालच्या समाजाला मात्र ह्या सूक्ष्म भेदाशी कर्तव्य नव्हते. त्याच्या भाषेत ह्या घटनेला एकच क्रियापद होते: ‘बाटणे’. ज्या पाण्याला चर्च शुद्धी म्हणत होते, तेच पाणी गावाच्या दृष्टीने विटाळ होते. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री ह्या मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणल्यावर प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, ह्यावर जो वाद पेटला त्यात बाळशास्त्री जांभेकर घेण्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांना झालेला विरोध पाहिला म्हणजे ह्या क्रियापदाचा दाब कळतो. मालमत्तेचा हक्क धर्मांतराने जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा करावा लागला. पुढे प्रजासत्ताकाच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने अनुसूचित जातींची नोंद विशिष्ट धर्मांपुरती मर्यादित केली, आणि ख्रिस्ती झालेला दलित तिच्याबाहेर राहिला. पहिला जन्म पुसला जातो हे पौलाचे म्हणणे सरकारी दप्तरातही असे अनपेक्षित रीतीने उतरले.

ह्या संदर्भात मराठीतील एका वाक्प्रचाराचा विचार व्हावयास हवा. एखाद्याशी कायमचा संबंध तोडला की ‘त्याच्या नावाने आंघोळ केली’ असे म्हणतात. मृताच्या सुतकात करावयाचे स्नान जिवंत माणसाच्या नावाने करणे, म्हणजे तो मेला असे जाहीर करणे. घरातला कोणी ख्रिस्ती झाला की कित्येक कुटुंबांनी हेच केले. इकडे तो पाण्याखाली जाऊन मेला, तिकडे त्याचे आप्त त्याच्या नावाने पाणी ओतून घेत होते. बाप्तिस्म्यातील मरण ‘बाप्तिस्मा’ ह्या शब्दाला मराठीत सांगता आले नाही, ‘नवा जन्म’ ह्या शब्दांनी ते झाकले. ते उच्चारले ह्या वाक्प्रचाराने, आणि तेही विरोधकांच्या तोंडून. नवदीक्षिताला मिशनच्या आवारात राहावे लागे, नवे शेजारी आणि पुष्कळदा नवा पोशाख पत्करावा लागे. नवा जन्म नव्या घरात होई, आणि ते घर बहुधा परक्याचे असे.

टिळकांना हीच गोष्ट अखेरपर्यंत खुपत राहिली. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःचे मरण पाहण्याचा अनुभव तुकारामाच्या अभंगात आहेच. तेव्हा मरून जन्मणे ही कल्पना त्यांना मिशनच्या प्रवचनातून नव्याने शिकावी लागली नसणार. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. टिळकांनी स्वतःचा बाप्तिस्मा कधी नाकारला नाही, त्याचे महत्त्वही कमी लेखले नाही. परंतु दरबाराच्या दाराशी त्यांनी तो विचारला नाही. पुढच्या दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.